चिंधी कोंबलेली घंटा

काल पिंपळगावच्या घरी अडगळ आवरताना मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सापडली. आत दादाच्या बनियनची हिरवी चिंधी अजून तशीच होती.

त्या वर्षी दादा फौजेतून सुट्टीवर आल्ता. सकाळी मेंढरांत बसून तो घंटेत चिंधी कोंबत होता, तेव्हा आबा चिडले. "आता मेंढरं कुठं गेली, कसं कळंल?"

दादा मान खाली घालून म्हणाला, "तिकडं सरहद्दीवरच्या डोंगरात आम्ही अतिरेकी हुडकून राह्यल्तो. धुक्यात काहीतरी वाजलं, अन् आम्ही आवाजावर गोळ्या झाडल्या. मेंढराची घंटा होती, आबा. जो मेला तो मेंढपाळ तुमच्याच वयाचा होता."

मला तेव्हा दादाची भीती वाटली. तो माफी मागत होता, हे आज कळतं.

आबांनी दुसरं मेंढरू जवळ ओढलं आणि आपल्या पटक्याचं टोक फाडलं.