पूर्ण नळी

वहिनी आणि भाऊजी यांच्यात छत्तीसचा आकडा होता, आणि दोघांनीही तो निगुतीने जपला होता. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती धाकट्या दिराच्या घोड्यांच्या फार्मवर शिंगरं सांभाळत होती. शिंगरांचं कौतुक भाऊजींच्या वाट्याला आणि लीद हिच्या वाट्याला, अशी वाटणी होती.

रोज सकाळी ती कुरणभर फिरून लीद उचलायची. लिदीतून जंतांची अंडी मातीत जातात, गवताबरोबर शिंगरांच्या पोटात उतरतात. मातीत ती वर्षानुवर्षं मरत नाहीत. म्हणून नव्या शिंगरांना नवं कुरण हवं. पण भाऊजींना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना चहा पिताना खिडकीतून शिंगरं दिसायला हवीत, म्हणून दरसाल तेच खिडकीसमोरचं कुरण.

बाकी बाबतीत वहिनीने उपाय शोधला होता. ती सांगेल त्याच्या नेमकं उलट भाऊजी करत. मग ती उलटंच सांगू लागली. "लीद उचलायला माणूस नको, मी एकटी पुरे," म्हणाली की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. "घोडीचा दाणा वाढवू नका," म्हणाली की दाणा वाढलाच. चांगला पन्नाशीचा माणूस इतका गाढव असू शकतो, याचं तिला मनापासून सुख व्हायचं.

यंदा तांबडं शिंगरू खंगलं. चार महिन्यांचं पोर, पोट घागरीएवढं, केस राठ, आणि सारखा खोकला. भाऊजी बाहेर गेले असताना डॉक्टरीणबाईंनी त्याची लीद तपासली.

"पोटात जंत खच्चून भरलेत," त्या वहिनीला म्हणाल्या. "आज जोरकस औषध अजिबात देऊ नका. सगळे एकदम मेले तर आतड्यात बोळा बसेल. मी उद्या सौम्य औषध घेऊन येते, हळूहळू काढू."

संध्याकाळी भाऊजी तबेल्यात आले. हातात जंतांच्या जोरकस औषधाची नळी. शिंगराच्या पोटावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

"वहिनी, ही देऊ का याला? सगळी?"

बारा वर्षांत त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. मला बोलतं करायचं आणि मग नाकावर टिच्चून उलट करायचं, ही यांची नवी खोड, असं तिने धरलं.

"द्या की. पूर्ण नळी द्या. मला काय विचारता?"

आणि नळी आता फडताळात परत जाणार, अशी खात्री बाळगून ती घरी गेली.

सकाळी शिंगरू घामाने निथळत लोळत होतं, पोटाला लाथा मारत होतं. डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शनं झाली, पण बोळा हलला नाही. दुपारपर्यंत ते गेलं.

"औषध कुणी दिलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "पण वहिनींना विचारून दिलं. शिंगरांतलं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं."

त्यात टोमणा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी वळून वहिनीकडे पाहिलं. वहिनीला भाऊजींचा इतका संताप बारा वर्षांत कधी आला नव्हता.