गच्चीवरचं पॅनेल

इंटरव्ह्यू दहा मिनिटांत आटोपतो, पण त्याचा किस्सा माणसाला जन्मभर पुरतो! आमच्याकडं तर हे किस्से साचतच गेले. बजाजनगरातल्या माझ्या घराच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आम्ही खोटे इंटरव्ह्यू घेतो. आम्ही म्हणजे मी, वाळूजच्या एका कारखान्यातून क्वालिटी सुपरवायझर म्हणून रिटायर झालेला, आणि करीमभाई, त्याच कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. आमच्यापुढं इस्त्रीचं टेबल, समोर प्लॅस्टिकची एक खुर्ची. पोरं येतात, घाबरतात, पोहे खातात आणि जातात. नोकरी लागली की पेढे घेऊन येतात आणि आत काय घडलं ते सांगतात. मी काही लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही.

या सगळ्यांत एकजण पोरसवदा नव्हता. विष्णू. नऊ वर्षं ठेकेदारामार्फत प्रेस शॉपमध्ये, रोज पत्रा दाबायच्या मशीनवर. कंपनी काही जागा पर्मनंट भरणार होती आणि वयाच्या अटीत विष्णू जेमतेम बसत होता. पुढच्या वर्षी बसला नसता. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "सर, यंदा झालं तर झालं. नाय तर ठेकेदाराकडंच म्हातारं व्हायचं."

त्यावर कुणी विनोद केला नाही. करीमभाईंनी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

* * *

'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाचं उत्तर आम्ही विष्णूला इंग्रजीत लिहून दिलं. आठ ओळी. तो रोज ड्यूटीवरून आला की घरात मोठमोठ्यानं म्हणायचा. महिना झाला तरी कागद न बघता चार ओळींच्या पुढं गाडी जाईना.

एक दिवस त्याच्या पोरीच्या शाळेत तपासणीला साहेब आले. पोरगी दुसरीत. साहेबांनी तिलाच उभं केलं, "बाळ, स्वतःबद्दल सांग बरं."

तिनं हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "माय नेम इज विष्णू! आय हॅव नाइन इयर्स एक्सपिरियन्स इन प्रेस शॉप! आय ॲम मॅरीड!"

आठच्या आठ ओळी! साहेबांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. हे सांगताना विष्णू नुसता फुलला होता. "सर, एकदा बी अडखळली नाय!"

करीमभाई म्हणाले, "तो फिर इंटरव्ह्यू कू उसीच कू भेज दे."

* * *

एका रविवारी पाच पोरं आली होती. मी पहिल्याला विचारलं, "तुझी कमजोरी काय?"

"सर, मला प्रत्येक काम अगदी परफेक्ट लागतं."

दुसऱ्याला विचारलं. त्यालाही परफेक्ट लागत होतं. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांना तेच! मोबाईलवर एकच व्हिडिओ बघून आले होते.

करीमभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाँच आदमी और बीमारी एकीच? तुमारी रूम का पानी तो चेक कराओ रे!"

त्या दिवसापासून गच्चीवर नियम झाला, कमजोरी ज्यानं त्यानं घरची आणायची.

* * *

माझं स्वतःचंही सांगून टाकतो. एकदा मी पोरांना अर्धा तास लेक्चर दिलं. आत कसं शिरायचं, नजर कुठं ठेवायची, पगाराचं विचारलं तर काय बोलायचं. पोरं वहीत उतरवून घेत होती.

एकानं विचारलं, "सर, तुमच्या इंटरव्ह्यूला काय विचारलं होतं?"

मी घसा साफ करतोय तोवर बायको चहाचा ट्रे घेऊन वर आली. "ह्यांचा कुठला इंटरव्ह्यू? मामांनी नेऊन चिकटवलं ह्यांना! साहेबांनी फक्त विचारलं, उद्यापासून येतो का?"

गच्चीवर जो हशा उठला, तो खाली दूधवाल्यानं ऐकला. विष्णू मात्र हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "व्हय म्हणाला ना सर तुम्ही? मग उत्तर बराबरच व्हतं की."

* * *

गच्चीचा म्हणून काळ्या बुटांचा एक जोड आहे. नऊ नंबर. ज्याचा इंटरव्ह्यू, त्याच्या पायात. लहान पाय असेल तर दोन मोजे घालायचे.

गणेश आणि सचिन, दोघांना एकाच कंपनीचा कॉल आला, एकाच दिवशी. गणेशचा अकराला, सचिनचा दुपारी. ठरलं असं की गणेशनं बाहेर यायचं, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बूट उतरवायचे आणि सचिननं ते चढवून आत जायचं. तसं झालंही. फक्त डाव्या बुटाच्या नाकावर एक लांबलचक ओरखडा होता, तो आमच्या डोक्यात आला नाही.

सचिन बसला. समोरचे साहेब सारखे खाली बघायला लागले. शेवटी म्हणाले, "हे बूट सकाळी येऊन गेले का हो?"

दुसरा कुणी असता तर तिथंच गार पडला असता. सचिन म्हणाला, "हो साहेब. सकाळी मित्र घालून आला होता. आमच्यात बूट एकच आहे. पण तुमच्याकडं जागा दोन आहेत, असं ऐकलंय!"

दोघंही लागले! बूट परत द्यायला दोघं मिळून आले, पॉलिश करून.

* * *

करीमभाईंच्या इंटरव्ह्यूचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकावा, पण मी जमेल तसा सांगतो. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत. तरुणपणी इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी गेले तर साहेब इंग्रजीत सुरू झाला. करीमभाई प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होते. साहेबानं फाईल मिटली. आता उठा म्हणणार, एवढ्यात लाईट गेली!

खोलीत अंधार गुडुप. काही मिनिटांनी लाईट आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. साहेबाला वाटलं, उमेदवार पळाला. तेवढ्यात दारातून करीमभाई आले, हाताला काजळी, बाहीला जाळं. बाहेरच्या बोर्डातला उडालेला फ्यूज बांधून आले होते.

साहेब हिंदीत आला, "किसने बोला था आपको जाने को?"

"साब, अंधेरे में किसकू पूछता? चेहरा तो दिखना!"

पुढं त्यांनी त्याच कारखान्यात अख्खी नोकरी काढली. इंग्रजीचं त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही.

* * *

मीरा लासूर स्टेशनची. वडील तिथल्या मार्केटात मापाडी, शेतकऱ्यांचा माल काट्यावर तोलायचं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, पण बोलायला लागली की आवाज पुढच्या खुर्चीपर्यंत पोचायचा नाही. करीमभाई शेवटी कानाला हात लावून बसायचे.

क्वालिटीच्या जागेसाठी ती इंटरव्ह्यूला गेली. पॅनेलनं तिच्या हातात एक छोटा पार्ट आणि माप घ्यायचं वर्नियर दिलं. "माप सांगा."

आधीच्या सगळ्यांनी पटापट आकडे सांगितले होते. मीरानं रुमालानं पार्ट पुसला. वर्नियर पुसलं. मग वर्नियरचे जबडे रिकामेच मिटवले आणि उजेडाकडं धरून बघत बसली.

"अहो, माप सांगा ना!"

"सांगते साहेब, पण ह्याचा झीरो झीरोवर येत नाय. म्हणजे सकाळपासून सगळ्यांचं माप चुकलं असणार."

तिघांनी आळीपाळीनं वर्नियर बघितलं. खरंच होतं! त्यातल्या एकानं विचारलं, "हे कुठं शिकलात? कॉलेजात?"

"नाय. आमचे अण्णा मापाडी आहेत. माल ठेवायच्या आधी रिकामा काटा बघायचा, हे घरचंच आहे."

हे सांगताना म्हणे तिचा आवाज दारापर्यंत गेला. पेढे द्यायला आली तेव्हा अण्णा सोबत होते. त्यांनी गच्चीवरची ती प्लॅस्टिकची खुर्ची बराच वेळ बघितली आणि तिच्यावर हात फिरवला. मला भरून आलं, लपवत नाही.

* * *

आता विष्णू. हे मला त्यानं सांगितलेलं नाही. पॅनेलवरच्या एचआरच्या मॅडमनी नंतर भेटल्यावर सांगितलं.

पॅनेलवर तिघं होते. मॅडम, एक तरुण इंजिनिअर आणि कडेला प्लँटचे मोठे साहेब. हे साहेब मशीनवरूनच वर चढत गेलेले. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे.

मॅडमनी पहिला प्रश्न टाकला, "स्वतःबद्दल सांगा."

विष्णूनं "माय नेम इज विष्णू" म्हटलं आणि थांबला. पुढच्या सात ओळी गेल्या त्या गेल्याच. मॅडम म्हणाल्या, "मराठीत सांगा." तरी तोंडातून शब्द फुटेना. इंजिनिअरनं घड्याळ बघितलं. तेवढ्यात बाहेर तीनचा भोंगा झाला. शिफ्ट सुटली.

प्रेस शॉपमध्ये एक रिवाज आहे. शिफ्ट सुटताना आधीचा माणूस पुढच्याला मशीनचा चार्ज देतो. पहिल्यांदा बिघाड सांगायचे, मग बाकीचं. लपवायचं काही नाही, कारण आता प्रेसखाली हात पुढच्याचा जाणार असतो. आणि पुढचा माणूस "घेतला" म्हणत नाही तोवर मशीनजवळून हलायचं नाही.

भोंगा ऐकला आणि विष्णू ताडकन उभा राहिला.

"विष्णू. नऊ वर्षं चालू. डाव्या कानाला कमी येतं, आवाजानं गेलंय, उजवीकडून बोलायचं. इंग्रजी वाचायला येतं, बोलायला नाय. हात वाचवायचा सेन्सर काढून मशीन चालव म्हणलं की लई तापतो. दोनदा सुपरवायझरसंगं भांडण झालंय, लेखी हाय. पोरीच्या शाळेचं काय निघालं तर रजा घेतो, आधी सांगून घेतो. बाकी सगळं ओके. नऊ वर्षांत माझ्या मशीनवर कुणाचं बोट गेलेलं नाय. माझं बी नाय, दुसऱ्याचं बी नाय."

मग मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता. आम्ही कळवू."

विष्णू उभाच.

"झालं तुमचं. जा आता."

तरी तो हलला नाही. हात बाजूला, नजर समोर. इंजिनिअर मॅडमकडं बघायला लागला.

मोठे साहेब खुर्ची सरकवून उठले. टेबलाला वळसा घालून विष्णूच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घेतला."