कुलूपवाल्याचं खरबूज

त्या हिवाळ्यात कुलूपवाल्याच्या घरात दोन ऋतू नांदत होते. स्वयंपाकघरात त्याची बायको स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल अशा थाटात भाजी चिरत असे. आणि भिंतीपलीकडच्या मागच्या खोलीत कुलूपवाला नुसत्या बनियनवर, घामाने निथळत, एका वेलीसमोर उकिडवा बसलेला असे. मधलं दार बंद.

माणूस तसा घुमाच. लोकांची दारं नीट लागावीत म्हणून तो उभा जन्म खपला, आणि त्या बदल्यात लोकांनी आपल्या दारात येऊ नये, एवढीच त्याची त्यांच्याकडून अपेक्षा होती. दुकानात गिऱ्हाईक आलं की किल्ली हातात घ्यायची, तिचे दाते डोळ्यांजवळ धरून न्याहाळायचे आणि "उद्या" म्हणायचं. संभाषण संपलं. कुणाकडे तो कधी चिमूटभर साखर मागायला गेला नाही, की कुणाच्या ओट्यावर घटकाभर टेकला नाही.

गुडघे कुरकुरू लागले तसं त्याने दुकान आवरलं, आणि रिकामे झालेले हात घेऊन तो बियाण्यांच्या दुकानात शिरला. तिथे त्याने खरबुजाचं बी मागितलं.

"आत्ता?" दुकानदार हसला. "थंडी दाराशी येऊन उभी राहिली, काका. या दिवसांत इथं खरबूज धरायचं म्हणजे..." आणि पुढचं त्याला हसण्यामुळे बोलताच येईना.

ते हसणं कुलूपवाल्याच्या जिव्हारी लागलं. त्याने मागची खोली रिकामी केली, भिंतींना चंदेरी कागद चिकटवला, छताला झाडांसाठी मिळतात ते पांढरेशुभ्र दिवे टांगले आणि कुंडीत बी टोचलं. वेल दिव्यांवर खूश झाली. पण दिव्यांनी खोलीची भट्टी केली. तेव्हा त्याने एसी आणला. एक खोकं आत भिंतीवर, दुसरं बाहेर, गल्लीकडच्या भिंतीला. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर फेकायची, एवढंच त्या जोडीचं काम.

समोरच न्हाव्याचं दुकान. न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला.

"कुलूपवाले, पाण्याच्या पिंपावर बर्फाचा पापुद्रा धरलाय आणि तुमचा एसी घुरघुरतोय! अहो, खिडकी उघडा की!"

खिडकी उघडा. जो यायचा तो हेच सांगायचा. टपालवाली सांगून गेली, पलीकडचे निवृत्त मास्तर तर चित्र काढून समजावून गेले. कुलूपवाल्याने खिडकी उघडून पाहिली नव्हती असं नाही. एकाच दुपारी ती हवा वेलीला लागली आणि पानं चहाच्या चोथ्यासारखी काळी पडली. एक कोंब तेवढा वाचला. त्या कोंबाला त्याने पुन्हा हाताशी धरून वाढवलं. पण हे लोकांना सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

बायकोचं दुखणं वेगळंच होतं. दिवे आणि एसी चालू असताना तिचा हीटर लावला की फ्यूज उडे.

"अहो, मी बायको आहे की पालेभाजी?" ती म्हणे. "मला गारठ्यात ठेवलीय, टिकावी म्हणून!"

फुलं आली. खोलीत मधमाशी कुठली? मऊ ब्रश घेऊन कुलूपवाल्याने या फुलातली भुकटी त्या फुलाला लावली, श्वास रोखून. बायको दारात उभी राहून बघत होती.

"इतक्या मायेनं माझी वेणी कधी हातात धरली नाहीत," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिने निवाडा केला. "हिवाळा सरायच्या आत खाण्याजोगं फळ निघालं तर खोली तुमची. नाही निघालं, तर दिवे, वेल, खोकी, सगळं भंगारात. आणि त्या खोलीत माझा पलंग नि माझा हीटर. खाण्याजोगं आहे की नाही, ते मी ठरवणार."

कुलूपवाल्याने मान डोलावली.

एकच फळ धरलं. ते मुठीएवढं झालं आणि थंडीने खरा रंग दाखवला. गल्लीच्या तोंडातून वारा आत घुसायचा आणि बाहेरच्या खोक्याच्या थेट थोबाडीत मारायचा. मग आतल्या खोक्याच्या नळ्यांवर बर्फ साठे, एसी थांबे, खोली तापे आणि वेल मान टाकी.

एसीवाल्या पोरसवद्या कारागिराने खोकं उघडून पाहिलं आणि हात टेकले.

"काका, यंत्राची चूक नाही. हे उन्हाळ्यासाठी जन्माला आलंय. बाहेर गार वारा बसला की त्याचा सगळा हिशेब चुकतो. बाहेर जरा ऊन आहे असं त्याला वाटायला हवं."

"मग वाटू दे."

"पंखा हळू करणारा एक भाग मिळतो. मागवतो. पण तो येईपर्यंत थंडी गेलेली असेल. तोवर वारा अडवा. मात्र यंत्राला कोंडू नका."

कोंडू नका, हे कुलूपवाल्याला सांगून काय उपयोग! त्याने खोक्याभोवती फळ्यांची अशी चिरेबंद पेटी केली की यंत्र स्वतःच्याच उष्णतेने घुसमटून बंद पडलं. मग एकच फळी उभी केली. पण त्या गल्लीतला वारा लहरी; क्षणात इकडून, क्षणात तिकडून. फळी उडाली ती न्हाव्याच्या पाटीवर जाऊन आदळली.

एका सकाळी सुई धरायलासुद्धा बोटं वळेनात, तेव्हा बायकोने विणकाम काखेला मारलं, खुर्ची उचलली आणि ती घराबाहेर पडली. बाहेरचं खोकं ऊन ऊन वारा सोडत होतं. त्याच्यासमोर ती ऐसपैस बसली.

"वहिनी, घरातून काढलं की काय?" न्हाव्याने विचारलं.

"काढतायत कसले! घरात कुडकुडायला होतं, म्हणून ऊब घ्यायला रस्त्यावर आलेय."

न्हाव्याने हात पुढे धरून पाहिला. मग दुसरा हात धरला. मग दुकानातून स्टूल आणलं. टपालवाली पिशवी टेकून बसली ती उठेना. मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. पुढेपुढे न्हावी दाढ्याही तिथेच करू लागला. फार जवळ बसलं की डोळे कोरडे पडत, लांब बसलं की हुडहुडी भरे. तेव्हा कुणी न सांगता सगळे नेमक्या अंतरावर कोंडाळं करून बसत. वारा फिरला की तेही पाठ फिरवत.

आत कुलूपवाला खूश होता. नळ्यांवर बर्फ धरेनासा झाला. यंत्राला अक्कल आली, असं त्याला वाटलं. खरबूज हातात मावेनासं झालं, सालीवर जाळी उमटू लागली. पण बाहेरची बडबड भिंतीतून आत यायची.

"आज बाळाला ताप किती?" न्हावी ओरडे.

"बारसं कधी घालायचं?" मास्तर विचारत, आणि त्यात त्याच्या बायकोचं हसू सगळ्यांत मोठं.

एक दिवस तो तसाच, बनियनवर, बाहेर आला.

"माझ्या भिंतीशी ही सभा नको. उठा!"

"मीसुद्धा?" बायकोने विचारलं.

"तू घरात चल."

"त्या बर्फाच्या पेटीत? मी चालले न्हावीणवहिनींकडे. त्यांच्याकडे शेगडी तरी आहे." तिने खुर्ची उचलली. सगळे उठले. गल्ली झाडून काढल्यासारखी मोकळी झाली.

दुपारी नळ्यांवर बर्फ चढला. यंत्र थांबलं. पानं ओल्या पंच्यासारखी लोंबू लागली, आणि वेलीवर भार नको म्हणून बांधलेल्या झोळीत खरबूज एकाकी दिसू लागलं. कुलूपवाल्याने एसीवाल्याला फोन लावला.

"काल चालू होतं ना? मग आज काय बदललं, काका?"

"काही नाही. माणसं हाकलली फक्त."

मग एसीवाला म्हणाला, "काका, माणसं परत आणा."

न्हाव्याच्या पायरीपर्यंत दहा पावलं असतील-नसतील, पण कुलूपवाल्याला ती चढण वाटली. आत मास्तर होते, टपालवाली होती, आतल्या दारात शेगडीशी बायको होती. तो उंबऱ्याशीच उभा राहिला.

"दाढी?" न्हाव्याने विचारलं.

तो खुर्चीत बसला. काहीतरी करायला मिळालं, हेच खूप झालं. गालांना साबण लागला, वस्तरा गळ्याशी आला, आणि तेवढ्यात तो पुटपुटला, "यंत्रासमोर... बसाल का?"

न्हाव्याने वस्तरा वर धरला. "काय म्हणालात?"

"मोठ्यानं सांगा," आतून बायको म्हणाली. "शेगडीपर्यंत आलं नाही."

"बसाल का," फेसातून तो ओरडला, "सगळे, माझ्या यंत्रासमोर? तुमच्यावाचून त्याला थंडी वाजते!"

दुकानात कुणी हसलं नाही, हे विशेष. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "बसू. पण तुम्हीही बसायचं. वाऱ्याला एक पाठ कमीच पडते."

अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला आणि सगळ्यांच्या खुर्च्या त्यानेच उचलून नेल्या.

पुढे तो रोज बसू लागला. गल्लीचा वारा त्याच्याइतका कुणाला कळेना. "फिरला! डावीकडे!" तो ओरडे, आणि सगळे खुर्च्यांसकट गिरकी घेत. नवख्या वाटसरूंना वाटे, ही कसली तरी कवायत असावी. एकदोघे मागे उभे राहून गिरक्याही घेऊन गेले.

थंडी ओसरण्याआधी खरबूज देठातून सुटलं. यंत्रासमोर तिपाई मांडली, सुरी आली. निवाडा काय होता ते आता गल्लीभर झालं होतं. बायकोने नाक मुरडलं तर खोली गेली, आणि खोलीबरोबर सगळ्यांची ऊब.

पातळ पातळ फोडी वाटल्या गेल्या.

"साखर!" न्हावी म्हणाला, फोड अजून त्याच्या हातातच होती.

"अमृत!" मास्तर म्हणाले.

टपालवालीने डोळे मिटून घेतले आणि ती नुसतीच "आहाहा" करत राहिली.

कुलूपवाल्यानेही चावून पाहिलं. पाण्याची आणि खरबुजाची कुणी नुसती ओळख करून द्यावी, तशी ती चव होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती सावकाश चावत होती.

"पाणचट," ती म्हणाली.

"वहिनी, ही मधली फोड बघा जरा..." न्हावी अजीजीने म्हणाला.

"अख्खं खाल्लं तरी पाणचटच."

कुलूपवाला उठून उभा राहिला. "ठरलं होतं," तो म्हणाला. "उद्या खोली रिकामी करतो."

बायकोने हातातली साल खाली ठेवली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि मी काय करू तिथं? भिंतीकडे तोंड करून एकटी शेकत बसू? बसा खाली. वारा लागतोय." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मिरच्या लावा. म्हणजे यांच्यावर खोटं बोलायची पाळी येणार नाही."

"लवंगी लावा!" न्हावी लगेच म्हणाला.

"लवंगी? माझं पोट काय दगडाचं आहे?" मास्तर कडाडले. "लांबड्या, बेताच्या तिखट."

टपालवालीला लोणच्याच्या हव्या होत्या. वाद पेटला. आणि त्या गलक्यात, कुणी विचारलेलं नसताना, कुलूपवाल्याने आपलं मत दिलं. "ढोबळी नको," तो म्हणाला.

कुणाचंच लक्ष नव्हतं. तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली आणि तेच पुन्हा, जरा मोठ्याने, सांगितलं.