चंद्रावरून आलेला माझाच हात

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. जालन्यात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. विचित्र आवाज आला की आधी वायर तपासायची, भुताचं नंतर बघू... तरीही हे लिहितोय.

माझे मित्र अन्वरभाई यांना आणि मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा नाद. लायसन्स दोघांकडेही आहे. वाटूरला त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानामागे आम्ही उंच खांबावर अँटेना उभारला. तो चंद्राकडे वळवायचा आणि मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेषांच्या लिपीत, संदेश सोडायचा. चंद्रावर आपटून तोच संदेश अडीच सेकंदांनी क्षीण होऊन परत येतो. हस्ताक्षरासारखा मोर्समध्येही प्रत्येकाचा हात ओळखू येतो. माझं शेवटचं टिंब लांबतं. अन्वरभाई चिडवतात, "सर, तुमचं टिंब लंगडून राह्यलं."

त्या दिवशी भर दुपारी चंद्र वर होता. अँटेनाचा क्लॅम्प ढिला झाला म्हणून अन्वरभाई शिडीने वर चढले. आमचा नियम असा – चढणाऱ्याने ट्रान्समीटरची पॉवर केबल काढून स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे खालून कोणी चुकूनही सिग्नल सोडू शकत नाही. केबल त्यांच्या खिशात होती. रिसीव्हर वेगळा, तो चालू होता; मी हेडफोन लावून नुसता ऐकत होतो.

आणि खरखरीतून मोर्स आला. एकेक अक्षर सुटं, स्पष्ट... "अन्वर उतर. अन्वर उतर."

दर वेळी शेवटचं टिंब लांबलेलं. तो माझा हात होता!

मी जाम घाबरलो. हेडफोन फेकून बाहेर धावलो. "अन्वरभाई, खाली या! आत्ताच्या आत्ता!"

"काऊन वरडून राह्यले, सर? दोन नट तं राह्यले!"

"बिलकुल नाही! आधी उतरा!"

ते बडबडत उतरले. माझ्यापर्यंत पोचतात तोच खांब बुडातून मोडला आणि शिडीसकट कोसळला. आतून पार गंजला होता. वरचा चकचकीत रंग त्यांनीच मारला होता.

दुसऱ्या कोणी पाठवलं म्हणावं, तर अन्वरभाई वर चढलेत हे कोणाला ठाऊक?

नवा खांब उभा राहिला त्या दिवशी अन्वरभाईंनी केबल माझ्या हातात दिली. "सर, ते 'अन्वर उतर' तुम्ही आजून पाठवलंच न्हाई. पाठवून टाका जल्दी. राह्यलं तं बराबर न्हाई."

मला हसू आलं नाही. आधी माझा कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं माझं सांकेतिक नाव सोडलं, ते परत आलं. मग दोनदा "अन्वर उतर" पाठवलं. थांबलो... नुसती खरखर. पुन्हा कॉलसाइन सोडला, तो मात्र बरोबर परत आला.

"तेवढंच आलं नाही," मी म्हणालो.

"आता काऊन येईल?" अन्वरभाई म्हणाले. "ते त्या दिवशीच आल्तं ना."

मी शास्त्र शिकवतो. याहून बरं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.