कप्तानाच्या बुटांवरचे दात

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. राग मानू नका. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला मागून हाक येते... आणि सांगणाऱ्याचा चष्मा नेमका त्या दिवशी घरी राहिलेला असतो! मी जालन्याच्या एमआयडीसीत प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे. पाइपला तडा आहे की नुसता ओरखडा, हे मी हात फिरवून सांगतो आणि तरी व्हर्निअरची मापपट्टी लावून खात्री करतो. माप घेतल्याशिवाय मी चहालासुद्धा चांगलं म्हणत नाही, असं बायको म्हणते. तर असा माणूस हे लिहितो आहे. यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही. लाज वाटण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते सगळं माझं आहे.

१९८१ची दिवाळी. आम्ही अंबडला राहायचो, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. वडील जिनिंगवर कापसाच्या वजनकाट्याला होते. मुंबईहून मामा आला आणि माझ्यासाठी एक प्लास्टिकचा शिपाई घेऊन आला. वीतभर उंच, निळा पोशाख, लाल पट्टा, काळे बूट. हात खांद्यात फिरायचे, पाय कमरेत वाकायचे – आत रबराची दोरी होती. तोवर आमच्या गल्लीत खेळणं म्हणजे सायकलचं टायर नाहीतर चिंचोके. मी एका दिवसात गल्लीचा राजा झालो. शिपायाचं नाव ठेवलं कप्तान.

पण कप्तान माझ्याकडे राहिला किती? माझी धाकटी बहीण बेबी तेव्हा रांगत होती. तिला दात येत होते आणि कप्तानाचे बूट होते मऊ, रबरासारख्या प्लास्टिकचे. दिसला की ओढायचा, डावा बूट तोंडात घालायचा आणि चावत बसायचं. मी हिसकावला की ती घर डोक्यावर घ्यायची. आई म्हणायची, "दे रे, तू मोठा हायेस ना!" मोठा म्हणजे सात वर्षांचा. पुढे ती चालायला लागली, उंबऱ्यावर आपटून तिच्या वरच्या दाताचा तिरपा तुकडा उडाला, तरी चावणं चालूच. कप्तानाला खांद्यावर टाकून थोपटायची, त्याला वरणभात भरवायची... आणि मग त्याचाच पाय तोंडात घालून झोपायची.

१९८३च्या भादव्यात बेबीला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. अडीच वर्षांची होती.

एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आणि बाया तिकडे जात नाहीत. आईनं तिला घरातूनच निरोप दिला. मग कप्तानाला बेबीच्या कुंचीत गुंडाळलं, गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"तिच्या हातापाशी ठेव," ती म्हणाली. "एकटी हाये ती. तू भाऊ हायेस, तूच ठेव."

वडील आणि शेजारचे दोघं पुढे, मी मागे. खड्ड्यात मीठ टाकतात, त्या मिठाची पुडी एका हातात आणि ती कुंची दुसऱ्या. ओढ्याकाठी पोचल्यावर लघवीला जातो म्हणून मी बाभळीआड गेलो. गाठ सोडली. कप्तान शर्टाच्या आत पोटाशी खोचला, कुंचीत तेवढाच लांब एक दगड गुंडाळला आणि पुन्हा गाठ मारली. नऊ वर्षांचा होतो, हे मी सबब म्हणून सांगत नाही. नऊ वर्षांच्या पोराला दगड मापात निवडता येतो, एवढंच सांगतो. डोक्यात एकच होतं – तो माझा आहे, मामानं मला दिलाय.

परत आलो तर आई दारातच उभी. "ठेवलास? हाताशी ठेवलास ना?"

"हो," मी म्हणालो.

पुढची वीस वर्षं आई त्या एका 'हो'वर जगली. कुणी बेबीचा विषय काढला की म्हणायची, "खेळणं हाये तिच्यापाशी. माझ्या लेकानं सोताच्या हातानं ठेवलं. आपलं खेळणं कोन देतंय व?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायची. खोटं बोललं की मार मिळतो हे मला माहीत होतं, कौतुकही मिळतं हे नवीन होतं. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी हे केलं त्या कप्तानाशी मी एकदाही खेळलो नाही. खेळणार कुठे? पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या वह्यांखाली तो पडून राहिला.

नोकरी लागली, लग्न झालं आणि मी जुनी प्लास्टिकची खेळणी जमवायला लागलो. भंगारवाले, जाफराबादचा आठवडी बाजार, बदली झालेल्या साहेबांच्या घरातला अडगळीचा माल... कारखान्यातले हसायचे. बायको वैशाली म्हणायची, "घरात लेकरू न्हाई आन् कपाटभर खेळणी." तिला काय सांगणार? एवढ्या खेळण्यांत एक कप्तान असला तर तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. काचेचं, कुलपाचं कपाट करून घेतलं आणि त्याला मागच्या रांगेत उभा केला.

लोकांना वाटतं प्लास्टिक अमर असतं. कसलं आलंय! मऊ प्लास्टिक मऊ राहतं ते त्यात घातलेल्या तेलामुळे. ते तेल वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं. आधी खेळणं चिकट होतं, धूळ धरतं. तेल सरलं की आकसतं आणि कडक होतं. पांढरं पिवळं पडतं, आतलं रबर कुजून पाय गळतात. पिशवीत बांधून ठेवलं तर घामेजून एकमेकांना चिकटतात, डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर काहींचे चेहरे वितळतात. मी प्रत्येकाला बटर पेपरवर, उन्हापासून लांब ठेवायचो. २००३पर्यंत कप्तानाचा लाल पट्टा विटकरी झाला होता, रबर मी बदललं होतं आणि ते मऊ बूट हाडासारखे टणक झाले होते. डाव्या बुटावर बेबीच्या दातांच्या खुणा होत्या, त्यांत वीस वर्षांची काळी धूळ. उजवा बूट कोरा होता. तो कोरा होता हे मी शपथेवर सांगतो, कारण दर महिन्याला मीच पुसायचो.

त्या वर्षीच्या जानेवारीत वडील वारले आणि आई आमच्याकडे जालन्याला राहायला आली. एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी कपाट पुसत होतो. कप्तान उचलला. त्याच्या उजव्या बुटावर दातांच्या खुणा होत्या.

उंदीर? उंदराची खूण जोडीनं, खरवडल्यासारखी असते. इथे वर-खाली दोन कमानी होत्या. कडा चकचकीत, आत धुळीचा कण नाही. व्हर्निअर लावलं. लहान मुलाचं माप. घरात लहान मूल नाही, आईच्या तोंडात कवळी, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. बरं, एवढा टणक बूट चावेल कोण? त्याच साच्यातला, तेवढाच जुना दुसरा शिपाई माझ्याकडे होता. सोमवारी तो कारखान्यात नेला आणि एक बूट व्हाइसच्या जबड्यात धरून बोथट पात्यानं दाबला. पापडासारखा मोडला. दुसरा गरम पाण्यात घालून दाबला – खूण उठली, पण कडा बसक्या, आणि थंड होताच तडा गेला. म्हणजे कप्तानाच्या बुटाला जे झालं होतं, ते त्या प्लास्टिकला होऊच शकत नव्हतं.

पुढच्या रविवारी खुणा वाढल्या होत्या आणि बूट ओला होता. वाटलं, उन्हाळ्यानं उरलंसुरलं तेल सुटलं असेल. टिपकागदावर दाबून पाहिला. तेलाचा डाग राहतो, हा वाळून नाहीसा झाला. पाणी होतं ते, जरासं बुळबुळीत. मी खिडकीशी बसून भिंगातून बघत राहिलो... इतका की आई चहा घेऊन आलेली कळलीच नाही.

कप बशीत वाजला. "हे कुठून आनलंस?"

"भंगारात मिळाला," मी म्हणालो. "आपला असलाच होता ना? साचा एकच असतो आई, ढिगानं निघतात." वीस वर्षांनी पुन्हा तसंच, झटक्यात आणि बराबर मापाचं खोटं.

आईनं चहा खाली ठेवला आणि कप्तान हातात घेतला. डाव्या बुटावरून अंगठा फिरवला. एका खाचेवर थांबली.

"उंबऱ्यावर पडली व्हती," ती म्हणाली. "हे बेबीचे दात हायेत."

मग तिनं उजवा बूट चाचपला. तिथेही तीच तिरपी खाच होती. मी आठवडाभर मापं घेत होतो आणि मला ती दिसली नव्हती!

"हे आत्ताचे हायेत," आई म्हणाली. तिचा अंगठा ओला झाला होता, पण तिनं तो पदराला पुसला नाही. मग तिनं विचारलं, "मंग तिच्या हाती काय दिलंस?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "दगड."

"दगड?" ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वीस वर्सं मी गल्लीभर तुझी तारीफ करून राह्यले. आन् माझं लेकरू तिथं दगड चावत बसलं व्हय रे?"

मी भिंग खाली ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "अंबडला चल. जल्दी चल. ज्याचं त्याला देऊन येऊ."

त्याच दुपारच्या एसटीनं गेलो. कप्तान तिच्या मांडीवर. ओढा बुजवला होता. तिथे प्लॉट पडले होते, घरं, कंपाउंडच्या भिंती, दुकानांची शटरं. आई तिथे जन्मात पहिल्यांदा येत होती. जागा माहीत असणारा आता एकटा मीच होतो.

"कुठं?" तिनं विचारलं.

मला आठवेना. खरंच आठवेना. त्या दिवशी माझं सगळं लक्ष पोटाशी खोचलेल्या कप्तानाकडे होतं, खड्डा मी नीट पाहिलाच नव्हता. बाभूळही राहिली नव्हती. शेवटी मी एका घराच्या भिंतीकडे बोट केलं.

आईनं भिंतीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "पुन्यांदा नको."

ती एका अनोळखी घराच्या पायरीवर बसली. आतल्या बाईनं पाणी आणून दिलं, कुणाकडे आलात म्हणून विचारलं. आई म्हणाली, "लेकीकडं आल्ते. घर सापडंना." मी रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभा होतो. तिनं मला हाक मारली नाही.

त्यानंतर कप्तान आईच्या उशाशी असायचा. ती अडीच वर्षं आमच्या घरात राहिली आणि माझ्याशी कामापुरतं बोलली. गोळ्या संपल्या, लाइट गेली, वैशालीला हाक मार – एवढंच. माझ्या हातचं पाणीसुद्धा शक्यतो घेत नसे. सकाळी उठली की कप्तानाचे पाय पदरानं पुसायची. मी जवळ गेलो की त्याला पदराखाली घ्यायची. "तुझा न्हाई तो." मी म्हणायचो, आई, मला फक्त एकदा माप घेऊ दे. तेही खोटंच होतं. मला तिच्याशी बोलायचं होतं.

२००५च्या दिवाळीनंतर एका सकाळी ती गेली. वैशालीनं तिच्या कुशीतून कप्तान काढला आणि मला तो अडीच वर्षांनी नीट दिसला. दोन्ही बूट नव्हते. घोट्यापासून खाली काहीच नव्हतं. मोडलेले नाहीत... मोडलं की कड धारदार असते. इथे कडा गोल, गुळगुळीत, चघळून झिजाव्यात तशा. प्लास्टिकचा एक कपचा खोलीत कधी सापडला नव्हता, झाडलोट वैशालीच करायची. आईची कवळी तर वर्षभरापूर्वीच सैल होऊन डब्यात पडली होती. ती पेजेवर होती.

वैशालीनं कप्तान आईच्या मुठीत ठेवला आणि मूठ कापडाच्या पट्टीनं बांधायला घेतली. मी मदतीला हात पुढे केला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "आईंनी सांगितलंय."

आणि माझ्यादेखत शेजारच्या काकांना म्हणाली, "काका, तिथं गेल्यावर मूठ बांधलेली हाये का, तेवढं तुम्ही बघा." काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी चितेवर अगदी आठवणीनं पाहिलं आणि मला मानेनं खूण केली. मी लेक असून अग्नी द्यायची मला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं.

कारखान्यात दोन इंजिनिअरांना, नावं न सांगता, विचारून पाहिलंय. एक म्हणाला उष्णता, दुसरा म्हणाला हाताचा घाम. मी स्वतः प्लास्टिकमधला माणूस. दोन्ही उत्तरं बेकार आहेत, हे मला कळतं. तिसरं माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पण मापासकट कळवा.

एकदाच, आईच्या शेवटच्या पावसाळ्यात, मी धीर करून तिच्या खाटेशी बसलो होतो. विचारलं, "आई, बेबी येते का गं?"

कित्येक महिन्यांनी तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "येते की. रोज येते."

"मला... काही म्हणते?"

आईनं कप्तानाला पदराखाली घेतलं. "तुला वळखत न्हाई ती," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.