डावा घसरतो, उजवा झिजतो

आमच्या मोटरसायकलीचे टायर तीन वर्षं झिजले नाहीत, याचा मला नको इतका अभिमान होता. माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागतं. कुणाला घराणं असतं, कुणाला आवाज असतो, मला टायर होते.

मी तेव्हा महाडच्या कोर्टात टंकलेखक होतो आणि पोलादपूरला राहत होतो. रोजचं जाणं-येणं महामार्गावरून, लोखंडी इंजिनाच्या एका जुन्या, वजनदार गाडीवर. ती गाडी सुरू झाली की शेजारच्यांना वेळ कळायची. दिवसभर कोर्टात मी ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ टंकत बसायचो, त्यामुळे संध्याकाळी काही न बोलता नुसतं धडधडणारं यंत्र मला फार जवळचं वाटे.

टायर झिजत नव्हते याचं दुःख फक्त एका माणसाला होतं. डोंगरावरच्या वाडीतले एक बाबा दर मंगळवारी तूप घेऊन खाली उतरत. दोन म्हशी, थोडी नाचणी आणि बरीच मतं, असा त्यांचा संसार. आमच्याकडे वरच्या वाड्यांवरची माणसं जुन्या टायरच्या वहाणा घालतात. ट्रकच्या टायरच्या वहाणा चढणीला पायाला जड होतात, म्हणून मोटरसायकलच्या टायरला मागणी जास्त. एखाद्याची म्हैस गाभण असताना पारडू सांगून ठेवावं, तसा टायर सांगून ठेवायचा. माझे दोन्ही टायर बाबांनी गाडीवर असतानाच सांगून ठेवले होते.

“काय वो साहेब, झिजला का?” ते ओटीवर टेकता टेकता विचारत.

“नाय अजून.”

“कसला टायर हाय हा! माणूस मरंल पन टायर नाय मरायचा.”

मी ही स्तुती समजत असे.

मग एका ऑक्टोबरात मी आणि बायको महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं उतरत होतो. पाऊस असा नव्हताच, नुसता ओलावा. गाडी सायकलच्या वेगात होती. एका वळणावर पुढचं चाक, एखादा सुसंस्कृत माणूस वाद नको म्हणून खोलीतून निघून जातो तसं, काही न बोलता बाजूला गेलं. मला काहीच लागलं नाही, हा आणखी एक गुन्हा. बायकोचं उजवं मनगट मोडलं.

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सहा आठवडे तिनं फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. मुलांना आपल्यापेक्षा वाईट अक्षराची बाई मिळाल्यानं वर्गात आनंदीआनंद होता. मला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त एसटीचा पास काढला.

प्लास्टर निघालं, दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी ती गाडीवर बसली नाही. भाजी आणायला गेलो तरी मी गाडीवर आणि ती पायी, आणि बाजारात आमची भेट. लोकांना वाटलं, आमचं भांडण झालंय. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडणाला शेवट असतो.

आम्ही लग्नापासून एक बेत जपला होता. आमच्या घरासमोरून जाणारा हाच रस्ता धरून दक्षिणेकडे निघायचं आणि कन्याकुमारीपर्यंत जायचं. कोर्टाची आणि शाळेची सुट्टी मे महिन्यात एकत्र येते. त्या वर्षी फेब्रुवारीत मी भीत भीत म्हणालो, “रेल्वेनं जाऊया का?”

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “रेल्वेनं कशाला? गाडी आहे ना.”

मी गप्प बसलो. अशा वेळी बोलणारे वकील दावा हरतात, हे मी रोज पाहत होतो.

“तीन हजार किलोमीटर तुमच्या मागे बसायचं,” ती म्हणाली, “तर टायर मी निवडणार. मला पटला नाही, तर तुम्ही एकटे जा. मला तिथून पत्र टाका.”

म्हणजे प्रश्न टायरचा राहिलाच नव्हता. ती माझ्या मागे पुन्हा बसणार की नाही, एवढाच होता.

योगायोगानं त्याच आठवड्यात महाडच्या एका सभागृहात टायर कंपनीचा ‘परिसंवाद’ होता. टायरच्या दुकानदारानं आम्हाला रंगीत निमंत्रणपत्रिका दिली. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं, पंख्याच्या वाऱ्यानं समई तीनदा विझली, तीनदा पेटवली आणि प्रत्येक वेळी टाळ्या झाल्या. व्यासपीठावर एक टायर ठेवला होता, त्यालाही हार घातला होता. मग मुंबईहून आलेल्या प्रतिनिधीनं टायर हा वाहनाचा आत्मा कसा, हे सांगितलं. गीतेत आत्म्याबद्दल जे जे म्हटलंय ते सगळं त्यानं टायरला लावलं. हवेचा दाब तेवढा राहिला.

“काही शंका?” त्यानं शेवटी विचारलं. असं विचारताना कुणी खरंच शंका विचारील अशी त्याची अपेक्षा नव्हती. बायको उभी राहिली.

“ओल्या रस्त्यावर धरतो का?”

“मॅडम, गाडी म्हातारी होईल, पण हा टायर झिजणार नाही!”

“गाडीचं सोडा. मागे बसलेल्या बाईला म्हातारी व्हायची संधी मिळेल का, ते सांगा.”

सभागृह हसलं. झोपलेले प्रमुख पाहुणे जागे झाले आणि भाषण संपलं असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला जाताना एक टोपी आणि किल्ल्यांची साखळी मिळाली. उत्तर मिळालं नाही. तो टायर म्हणजे माझाच, न झिजणारा.

तिनं मग दुसरी पद्धत अवलंबली. एका शनिवारी आम्ही औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी एका कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहिलो. पाळी सुटली, पन्नास-साठ मोटरसायकली बाहेर पडल्या आणि माझी बायको त्यांच्या चाकांकडे वाकून पाहू लागली. पहारेकऱ्यानं मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, “वहिनींचं काही हरवलंय का?”

दोनचार कामगार थांबले. एकाचे टायर मऊ रबराचे होते, दुसऱ्या कंपनीचे. तो म्हणाला, पावसात गाडी पालीसारखी चिकटते, पण वर्षात टायर गुळगुळीत. “आणि दोघं बसून, सामान लादून, मे महिन्याच्या डांबरावर नेलात ना, तर मागचा गोव्यातच हात टेकंल.” तिनं वहीत दोन रकाने केले होते. एकावर ‘टिकतो’, एकावर ‘धरतो’. एकाच टायरचं नाव दोन्हीकडे काही येईना.

मार्च संपत आला. ती वही उघडून बसे आणि मिटून ठेवी. मला वाटू लागलं, पत्र मलाच टाकावं लागणार.

मग एका मंगळवारी बाबा आले. तूप मोजून झालं, चहा झाला. आम्ही घाटात पडल्यापासून त्यांनी नेहमीचा प्रश्न बंद केला होता. तेवढं त्यांना कळत होतं. ते उठून वहाणा घालू लागले आणि बायको एकदम म्हणाली, “बाबा, थांबा. तुमच्या दोन वहाणा दोन टायरच्या आहेत?”

“हाय ना. डावी साहेबांच्या मागल्या जोडीची, असल्याच टायरची. उजवी डाक्टरच्या गाडीची. त्याचा येकच टायर भेटला, दुसरा कुनी नेला.”

गावातल्या डॉक्टरांच्या मोटरसायकलीला मऊ टायर होते, हे वहीत आधीच लिहिलेलं होतं.

“मग? कुठली बरी?”

बाबा परत खाली टेकले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना वहाणांबद्दल गंभीरपणे विचारत होतं. “डावा घसरतो, उजवा झिजतो,” ते म्हणाले. “उजवीचा तळ दोनदा बदलला. डावी हाय तशी हाय.”

“पण नक्षी झिजल्यामुळे घसरत असेल,” मी माझं ज्ञान पुढे केलं.

“नक्षी दोन म्हयन्यांत जाती वो साहेब, दोन्हीची. मंग ऱ्हातं नुसतं रबर. या, दावतो.”

ते परसात गेले. आमच्या धुण्याच्या काळ्या दगडावर त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, वर साबणाचा ओघळ होताच, आणि ऐंशीला टेकलेला तो माणूस त्या उतरत्या दगडावर चढला. मी धरायला धावलो. “सोडा वो,” ते म्हणाले. डावा पाय टेकवला, तो सरकला. उजवा टेकवला, तो राहिला. मग ते एका उजव्या पायावर बगळ्यासारखे उभे राहिले आणि आमच्याकडे पाहून हसले. तोंडात चार दात होते, चारही दिसले.

“अहो बाबा, उतरा खाली! मग एवढा डोंगर उतरता कसे?” बायकोनं विचारलं.

“पुढं उजवा टाकायचा. त्यो धरतो. डावा मागनं येतो, वजन घेऊन. वजन घ्यायला त्योच बरा, झिजत नाय.” आणि मग, बाईंना एवढंही कळू नये याचं नवल वाटून, “दोनी पाय येकसारखं कशाला लागतात गो बाय? काम येगळं हाय ना दोघांचं.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बाई जशा पाहतात, तसं. आमच्या गाडीची दोन्ही चाकं एकाच मापाची होती. पुढे मऊ, मागे कडक.

दुकानदाराला हे अजिबात मानवलं नाही. “बाई, जोडी फोडू नये. जोडी म्हणजे नवरा-बायकोसारखी, एकाच कंपनीची पाहिजे.”

“आम्ही दोघं कुठे एका कंपनीचे आहोत?” ती म्हणाली आणि कडक टायर एकच घेतला.

मऊ टायर महाडात मिळेना. तिचा भाऊ मुंबईला नोकरीला होता, त्याला फोन केला. तो रविवारच्या गाडीनं येतो म्हणाला. आम्ही वीर स्टेशनावर गेलो. डब्यातून उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि टायर गळ्यात. प्रमुख पाहुण्याच्या रुबाबात तो फलाटावरून चालत आला. बाहेरच्या रिक्षावाल्यानं विचारलं, “काय साहेब, सत्कार कुठं झाला?”

“दादरला,” मेहुणा म्हणाला. “भावोजी, आता हा उतरवा. डब्यात तीन जणांनी विचारलं, शिक्षा कसली झाली म्हणून.”

टायर चढवले. तरी बायको लगेच बसली नाही. आंबेनळी घाटात एका वळणावर झऱ्याचं पाणी वर्षाचे बारा महिने रस्त्यावरून वाहतं. तिथं ती एसटीनं येऊन उतरली. मी गाडीवर मागून. ती छत्री घेऊन कठड्यावर बसली आणि मला त्या ओल्यातून खाली-वर जायला लावलं. पहिल्यांदा हळू. मग जरा जोरात. मग मध्येच ब्रेक मारून. तेवढ्यात वरून दुसरी एसटी आली. चालकानं गाडी थांबवून विचारलं, “काय, बंद पडली का?”

“नाही,” ती म्हणाली, “परीक्षा चालू आहे.”

“पास झाले की सांगा,” म्हणून तो निघून गेला.

पाचव्या फेरीनंतर तिनं छत्री मिटली. मागे बसली, माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला, आणि आम्ही पोलादपूरला उतरलो. घरी आल्यावर पाहिलं तर शर्टाची दोन बटणं तुटली होती. मी ती शिवली नाहीत.

मेमध्ये आम्ही निघालो. कशेडीचा घाट, चिपळूण, मग आंब्यांच्या पेट्यांचे ट्रक, मग गोवा. कारवारपर्यंत तिच्या मुठी तशाच होत्या. प्रत्येक वळणाआधी माझ्या पाठीला कळायचं, वळण येतंय. मंगळूरच्या पुढे एका ठिकाणी आम्ही टायर तपासले. मागचा हवा तेवढाच झिजला होता. पुढच्याची नक्षी थोडी गेली होती. “जाऊ दे,” ती म्हणाली, “काम करतोय.”

केरळात तिसऱ्या दिवशी उन्हाळी सरींनी गाठलं. लाल माती रस्त्यावर वाहत होती, दोन्ही बाजूंना नारळी, आणि समोरून बस अशा येत होत्या की चालकाला घरी जायला उशीर झाला असावा. थांबूया का, असं मी विचारणार होतो. पण माझ्या पाठीला काहीतरी वेगळं वाटलं. शर्ट सैल होता.

मी घाबरलो. आरशात पाहिलं. ती होती. दोन्ही हात मोकळे सोडून, मांडीवर केळ्यांची फणी ठेवून, भर पावसात केळं सोलत होती. रस्ता वळला, गाडी झुकली, ती गाडीबरोबर झुकली आणि सोलायची थांबली नाही.

“तोंड उघडा,” ती मागून ओरडली.

“अगं, गाडी चालवतोय!”

“माहितीये. म्हणून तर भरवतेय.”

अर्धं केळं तोंडात गेलं, उरलेलं मिशीला लागलं. पावसानं ते धुऊन टाकलं.