सव्वा किलोच्या भाचीमागे सांगलीला

सकाळी साताऱ्याहून निघालो. पुढे ॲम्ब्युलन्स, तिच्यात भाऊ, वहिनी आणि काचेच्या पेटीत त्यांची वीस दिवसांची मुलगी, वजन सव्वा किलो. जन्मानंतर आपोआप मिटणारी तिच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडीच राहिली होती. त्यामुळे फुप्फुसांत जादा रक्त जाऊन तिला धाप लागायची. औषधांनी काही झालं नाही, म्हणून सांगली. मागे जीपमध्ये मी, ड्रायव्हर उत्तम आणि सैन्यातून निवृत्त झालेले आमचे चुलते, तात्या.

"फुडची गाडी नजरंआड झाली न्हाई पायजे," तात्यांनी हुकूम सोडला.

कऱ्हाडजवळ पुलाच्या कामाने वाहनं तुंबली होती. गर्दीतून सुटल्यावर उत्तमने ॲम्ब्युलन्सची पाठ अशी धरून ठेवली की ती थेट मलकापुरातल्या एका दवाखान्याच्या दारात थांबली. आतून पायाला प्लॅस्टर घातलेल्या एक आजी उतरल्या.

तात्या थिजले. "पोरगी कुटं हाय?"

"कुनाची पोरगी?" आजी म्हणाल्या. "मला बघाय आलाय व्हय?"

तात्यांनी गोंधळून हातातली केळी त्यांना दिली, "लवकर बऱ्या व्हा," म्हणाले आणि जीपकडे पळाले. भावाला फोन लावला, तर आमची ॲम्ब्युलन्स पेठनाक्याच्या पुढे गेली होती. मग रस्ताभर दुतर्फा ऊस होता म्हणे. मला एक कांडंही आठवत नाही.

सांगलीत डॉक्टरबाईंनी तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढी तारेची जाळी दाखवली. "मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊ आणि हे बूच तिथं बसवू. छाती उघडायची नाही."

"आवं मॅडम, एवढुशा मांडीत शीर घावायची कशी?" तात्या म्हणाले.

"अवघड असतं. म्हणून चष्मा पुसून घेतलाय."

"धोका?" भावाने विचारलं.

"आहे. पण थांबण्यात जास्त आहे."

भावाने सही केली, तीही डॉक्टरांच्या जागी. कागद नवा आणावा लागला.

बाहेर बसून तात्या भडंग (तिखट मसाल्याचे चुरमुरे) खात सुटले. भूक नव्हती, हात मात्र थांबेना. ऐन वेळी ठसका लागला. डोळ्यांतून, नाकातून धारा. तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि घाबरून म्हणाल्या, "आजोबा, रडू नका! बूच नीट बसलंय!"

मग तात्या खरंच रडले. वहिनीनेच त्यांना पाणी पाजलं.

पाच आठवड्यांनी बाळाला घेऊन परत निघालो. तात्यांनी उत्तमला इतकं हळू चालवायला लावलं की उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत आम्हाला ओलांडून गेले. आष्ट्यापासून भाची जी केकाटायला लागली, ती कऱ्हाड आलं तरी थांबेना. श्वास घेतानाच दमणारी ही पोर! मला प्रवासात शांतता लागते, शेजारी कुणी मोबाइल वाजवला तरी मी जागा बदलते. त्या दिवशी मी कान देऊन ऐकत बसले, आणि जीपमध्ये तिला गप्प करा म्हणणारं कुणीच नव्हतं.